खाडीकाठच्या द्राक्षबागा आणि मोटारी नसलेली वाट: नानांसोबत बोर्दोची सायकल भटकंती

कादवाकाठ

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत महिना गेला, आज बसलेच.

मी गेली चार वर्षं फ्रान्समधे बोर्दो शहरात राहते. माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. या सप्टेंबरात आई आणि नाना (माझे वडील, वय ६६) पहिल्यांदाच इकडे आले. आई नातवात रमली, नानांना मात्र चौथ्या दिवशीच करमेना. "बागा कुठंयत गं इथल्या? चार दिवस नुसत्या बाटल्याच बघतोय," म्हणाले. मोटारीने नेता आलं असतं पण मोटारीतून काय दिसतं, मोठं गेट दिसतं, मागे हवेली दिसते, की चला पुढच्या गेटला. नानांना बांधावर उभं राहून बाग बघायची होती. म्हणून सायकलने जायचं ठरवलं. एके काळी ते पिंपळगावच्या मार्केटला सायकलवर जायचे पण गेली वीस वर्षं सायकलला हात नाही, त्यामुळे माझी अट एकच होती, शेजारून मोटारी जाणारा रस्ता शक्यतो नको.

थोडा भूगोल सांगते नाहीतर पुढचं कळणार नाही. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या बोर्दोच्या खाली मिळतात आणि तिथून समुद्रापर्यंत जी सुमारे ७५ किमीची खाडी होते तिचं नाव जिरोंद. पश्चिम युरोपातली सगळ्यात मोठी खाडी ही. पाणी गढूळ, दुधाच्या चहाच्या रंगाचं, कारण गाळ भरतीबरोबर वर येतो ओहोटीबरोबर खाली जातो आणि मधल्या पट्ट्यात घोळतच राहतो. डाव्या काठाला मेदोक, म्हणजे मार्गो, साँ-जुलियाँ, पोयाक ही जगभर माहीत असलेली गावं. उजव्या काठाला ब्लाय. ब्लायच्या वाइनला तेवढा भाव नाही, पण सायकलवाल्यांसाठी खरी मजा तिथेच आहे.

आमचा बेत असा होता: बोर्दोहून सायकली घालून लोकल ट्रेनने मार्गो, तिथून बागांमधल्या छोट्या रस्त्यांनी लामार्कचा धक्का, फेरीबोटीने खाडी ओलांडून पलीकडे ब्लाय. ब्लायपासून एतोलिए गावापर्यंत जुन्या रेल्वेलाइनवर १३ किमीची सायकलवाट आहे, रूळ काढून डांबर टाकलंय, मोटारींना पूर्ण बंदी. मुक्काम ब्लायला. दुसऱ्या दिवशी परत फेरीने अलीकडे येऊन फोर्ट मेदोक, साँ-जुलियाँ करत पोयाक आणि तिथून ट्रेनने घरी.

पहिले पाचेक किमी नाना हँडल घट्ट धरून, खांदे वर करून चालवत होते. मी मागून बघत होते आणि घाबरले होते खरं तर. मग बागांमधला रस्ता लागला, दोन्ही बाजूंना वेली, कुंपण नाही, माणूस नाही, आणि हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. मान वळवून बघायला लागले. मोटारीचा धाक नसला की माणूस बघायला लागतो, हे मी त्या दिवशी त्यांच्या पाठीकडे बघून शिकले.

आणि मग जे सुरू झालं ते पुढचे दोन दिवस थांबलं नाही. "मांडव कुठंय?" हा पहिला प्रश्न. इथे मांडव नाही, वायच्या आकाराचा आधार नाही, वेली जेमतेम कमरेएवढ्या आणि घड तर पार गुडघ्याच्या खाली, जमिनीला टेकतायत की काय असे. दोन ओळींत मीटरभर अंतर, दोन झाडांत मीटरभर. नानांनी तिथेच पायावर पाय ठेवत मोजलं आणि हिशोब केला, एकरी चार हजार झाडं! आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी साडेनऊशेच्या आसपास बसतात. मग "ठिबक कुठंय?" ठिबकही नाही. इथल्या नामांकित बागांमधे फळावर आलेल्या वेलीला पाणी द्यायला सहसा परवानगीच नसते, मुळांनी खाली जाऊन शोधायचं. जमीन सगळी गोट्यांची. नानांनी मूठभर गोटे उचलून बघितले आणि खिशात टाकले, ते आता निफाडला देवघराच्या फळीवर आहेत.

फेरीबोट पंचवीस मिनिटांची. मधे एक बेट लागतं, त्यावर फोर्ट पाते नावाचा बसका बुरूज. लुई चौदाव्याचा किल्ले बांधणारा इंजिनियर वोबाँ याने १६८५ नंतर इथे तिहेरी बंदोबस्त केला, ब्लायला किल्ला, समोर फोर्ट मेदोक आणि मधे हा. कारण खाडी इतकी रुंद की एका काठावरच्या तोफेचा गोळा दुसऱ्या काठाला पोचायचा नाही. २००८ पासून हे तिन्ही जागतिक वारसा यादीत आहेत.

ब्लायच्या रेल्वेवाटेवर दुपारी तीनला लागलो. जुनी लाइन असल्यामुळे चढ म्हणावा असा चढच नाही, इंजिनाला झेपायचा तेवढाच उतार. नाना पुढे, मी मागे. एका जागी बाग अगदी वाटेला चिकटून होती, नाना उतरले, सायकल आडवी घातली (स्टँड नव्हता) आणि उकिडवे बसून एक पान उलटसुलट करून बघायला लागले. पानावर फिकट निळे शिंतोडे होते, शिरांच्या कडेला वाळून बसलेले. अंगठ्याने चोळलं, वास घेतला आणि म्हणाले, "बोर्डो मारलंय."

मी म्हणलं, "नाना, बोर्दोतच आहोत आपण."

ते माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे? ते हे आहे?"

चाळीस वर्षं त्यांनी बोर्डो केलंय, वेलींवरच्या रोगासाठी फवारायचं औषध. मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. चार वर्षं माझ्या तोंडून 'बोर्दो' ऐकतायत. पण फवारणीचं बोर्डो म्हणजे मुलगी राहते ते गाव, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं, आणि माझ्याही नाही. मी त्याच पंपाच्या आवाजात लहानाची मोठी झाले, इथे येऊन चार वर्षं राहिले तरी.

बाकीचं उद्या लिहिते, लेक उठलाय.

---

पेडलपुराण

किती सुंदर लिहिलंय! पुढचा भाग लवकर टाका. एक शंका, लोकलमधे सायकल न्यायला वेगळं तिकीट लागतं का? आणि नानांना साधी सायकल दिलीत का बॅटरीवाली?

वशिष्ठी

वा! तिहेरी किल्ल्यांचं वाचून आमच्या दाभोळच्या खाडीची आठवण झाली. तिथेही अंजनवेलचा गोपाळगड खाडीच्या तोंडावरच बसवलाय, आत शिरणारं प्रत्येक गलबत नजरेखालून गेलं पाहिजे. आणि दापोलीहून गुहागरकडे सायकलने जाताना आम्ही दाभोळ ते धोपावे फेरीबोटच घेतो. मोटारी, म्हशी, कॉलेजची पोरं, सायकलवाले सगळे एका डेकवर. धोपाव्याला उतरून वर चढताना जो घाम निघतो तो तुमच्या मेदोकला निघणार नाही एवढं नक्की :) पण खाडी म्हणजे खाडी, चिखलाचा वास, ओहोटीला उघडे पडलेले काठ, ते तुम्ही वर्णन केलेलं पाणी, डोळ्यासमोर आलं सगळं.

मोरचूद_चुना

ताई, मी पण द्राक्षवालाच, दिंडोरी. तुमच्या नानांचा तो प्रसंग वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे पोरगं शाळेत जायच्या आधी बोर्डो शब्द शिकतं. पण खरं सांगतो, तो गावाचा शब्द आहे हे मला कृषी महाविद्यालयात गेल्यावर कळलं, आणि माझ्या वडलांना अजून माहीत नाही, आज रात्री सांगतो. त्यामागची गोष्ट तुम्ही सांगणार आहात ना? नसाल तर मी सांगतो.

कादवाकाठ

@पेडलपुराण, लोकल ट्रेनमधे सायकल फुकट, फक्त डब्याला सायकलचं चिन्ह बघून चढायचं आणि गर्दीच्या वेळी टाळायचं. नानांनी बॅटरीवाली नको म्हणून आधी हट्ट केला. दुसऱ्या दिवशी स्वतःच मागितली, भाड्याच्या दुकानात बदलून घेतली.

@मोरचूद_चुना, सांगते ना, तेच तर सांगायचंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीने परत लामार्कला उतरलो. फोर्ट मेदोक बघून खाडीला धरून वर निघालो. इकडे मेदोकमधे रेल्वेवाट नाही, त्यामुळे पूर्ण मोटारमुक्त म्हणता येणार नाही हे आधीच सांगते. मोठा रस्ता आहे त्यावर ट्रक असतात, वेगात असतात, तिथे नवख्या माणसाला घेऊन जाऊ नये. पण मोठ्या रस्त्याला समांतर बागांमधून, पाणथळ कुरणांमधून छोट्या वाटा आहेत, रविवारी सकाळी त्यावर तासाभरात दोन ट्रॅक्टर भेटले फक्त. आणि ते ट्रॅक्टर! उंच पायांचे, वेलींच्या ओळीवरून चालणारे, म्हणजे चाकं दोन बाजूंच्या फटींत आणि ओळ पोटाखालून. मीटरभर अंतरात आपला ट्रॅक्टर शिरणारच नाही, म्हणून हा. नानांनी सायकल थांबवली आणि तो पार दुसऱ्या टोकाला जाऊन वळून परत येईपर्यंत बघत उभे राहिले. ड्रायव्हरने हात केला, नानांनी केला.

साँ-जुलियाँला आलो. तिथे बोकायू नावाची बाग आहे, आता द्युक्रू-बोकायू म्हणतात. १८८२ च्या ऑक्टोबरात बोर्दो विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे इथून चालले होते. त्या सुमाराला डाऊनी या वेलींच्या बुरशीरोगाने फ्रान्समधे कहर केला होता, रोग अमेरिकेतून आलेला, १८७८ पासून इकडे दिसायला लागलेला. सगळीकडे पानं गळलेली, पण रस्त्याच्या कडेच्या दोन-चार ओळी हिरव्यागार. त्यांनी चौकशी केली. तर बागवाल्यांनी सांगितलं, येणारे-जाणारे घड तोडून खातात म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडतो, निळं दिसलं की लोक विषारी समजून हात लावत नाहीत. बास. त्यावर मियार्देंनी प्रयोग केले, १८८५ ला प्रसिद्ध केले, आणि आज निफाडला नाना तेच मारतात.

मी ही गोष्ट त्यांना तिथेच रस्त्याच्या कडेला उभं राहून सांगितली. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे रस्त्यानं चालणाऱ्या माणसामुळं सापडलं हे. चालत होता म्हणून दिसलं त्याला."

मोरचूद_चुना

व्वा नाना! एक भर घालतो. बोर्डो करायला सोपं वाटतं पण त्यात हात बसावा लागतो. मोरचूद वेगळ्या भांड्यात, चुना वेगळ्या भांड्यात, भांडी प्लास्टिकची किंवा लाकडी, लोखंडी अजिबात नाही. मग दोन्ही पाणी बरोबरीने तिसऱ्या पिंपात. आणि आमचे आजोबा विळ्याचं पातं बुडवून बघायचे, पात्यावर तांबूस पुट चढलं की चुना कमी पडलाय, आणखी टाक. चुना कमी पडला तर पानं करपतात. आता लिटमस कागद मिळतो पण वडील अजून विळाच बुडवतात.

दुसरं म्हणजे हे औषध सेंद्रिय शेतीतही चालतं म्हणून लोकांना वाटतं कितीही मारा. तसं नाही. तांबं मातीत साठतं, जात नाही. युरोपात २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा आहे. आपण निर्यात करतो म्हणून हे नियम आपल्याला पाठ असतात. २०१० साली लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधापायी आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते तेव्हा आमच्या गल्लीत काय अवस्था होती ते आठवलं तरी पोटात गोळा येतो.

तुलूझकर_पावणा

मस्त धागा. मी तुलूझला असतो, दोन वर्षांपूर्वी मित्राबरोबर 'दोन समुद्रांचा कालवा' हा मार्ग केला होता, म्हणजे अटलांटिकवरच्या रोयाँपासून भूमध्य समुद्रावरच्या सेतपर्यंत, साडेसातशे ते आठशे किमी. कादवाकाठताईंनी सांगितलेली ब्लाय-एतोलिए वाट याच मार्गाचा तुकडा आहे. त्यांनी दक्षिणेकडचं लिहिलंय तर मी उत्तरेकडचं लिहितो.

रोयाँहून निघालं की खाडी उजव्या हाताला आणि पांढऱ्या चुनखडीचे कडे. ताल्मों नावाचं गाव आहे, कड्याच्या टोकावर बाराव्या शतकातलं चर्च, खाली थेट पाणी. आणि काठाने लाकडी खांबांवर उभ्या झोपड्या, एकामागून एक, प्रत्येकीच्या पुढे चौकोनी जाळं टांगलेलं. कारेले म्हणतात त्यांना. चाक फिरवून जाळं पाण्यात सोडायचं, भरतीबरोबर येणारी कोळंबी, छोटे मासे त्यावर आले की भराभर वर ओढायचं. एका म्हाताऱ्या आजोबांनी आम्हाला वर बोलावलं, अरुंद फळीवरून गेलो. आत एक टेबल, चार खुर्च्या, कॅलेंडर, कॉफीचं भांडं. त्यांनी चाक माझ्या हातात दिलं. मी ओढलं तर जाळ्यात पारदर्शक पांढऱ्या कोळंब्या, साताठच असतील, उड्या मारत होत्या. त्यांनी तिथेच बडीशेप घालून उकडल्या आणि दिल्या. १९९९ च्या डिसेंबरच्या वादळात यातल्या बऱ्याचशा झोपड्या वाहून गेल्या होत्या, नंतर लोकांनी परत बांधल्या.

ज्यांना जमेल त्यांनी उत्तरेकडून दक्षिणेकडे या, भरतीच्या दिशेनेच येणं होतं आणि बऱ्याचदा वाराही पाठीशी असतो. उलटं केलं तर समुद्राचा वारा तोंडावर, ७५ किमी. मित्राने केलंय, परत करणार नाही म्हणतो.

वशिष्ठी

बडीशेप घालून कोळंबी! आईला सांगते. ती चौकोनी जाळी पण आवडली. आमच्याकडे खाडीत पाग टाकतात, गोल असतो, पण भरती बघून टाकायचा हे सारखंच.

एकच_प्रश्न

चांगला धागा आहे पण माझं एक म्हणणं आहे. जुन्या रेल्वेलाइनवर सायकलवाट हे ऐकायला छान वाटतं. आपल्याकडे विदर्भात शकुंतला पडून आहे, मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर, जवळपास १९० किमी, गाडी बंद. तिथे का नाही करत असं काही? कापसाच्या शेतांमधून जाते ती. सगळीकडे नुसते हायवे रुंद करत सुटलेत.

पऱ्हाटी

@एकच_प्रश्न, मी मूर्तिजापूरकडचीच आहे म्हणून सांगते, कृपया शकुंतलेवर सायकलवाट नको. आमच्याकडे लोकांना ती गाडी परत हवीये. म्हाताऱ्या माणसांचं दवाखान्यात जाणं, पोरींचं कॉलेज, बाजार, सगळं त्या गाडीवर होतं, बसच्या तिकिटात आणि तिच्या तिकिटात जमीन-अस्मानाचा फरक होता. गाडी हळू जायची पण जायची. फ्रान्समधे लाइन काढली तेव्हा गावागावांत मोटारी आल्या असतील, आमच्याकडे नाहीत हो प्रत्येकाकडे. रूळ एकदा उचलले की ते परत येत नाहीत. सायकलवाट हवीच असेल तर कालव्याच्या सेवारस्त्यावर करा, जागा सरकारीच असते, सपाट असते, झाडं असतात.

एकच_प्रश्न

हे मी या बाजूने पाहिलंच नव्हतं. पटलं. कालव्याचे रस्ते ही खरंच चांगली सूचना आहे.

तुलूझकर_पावणा

पऱ्हाटीताईंशी सहमत. तुलूझपासून पुढे आम्ही गेलो ते सगळं कालव्याच्या काठानेच, घोडे नावा ओढायचे ती जुनी पायवाट. रेल्वे चालू असेल तिथे चालूच राहू दे. मेदोकमधे पाहा, मार्गो-पोयाक लाइन चालू आहे म्हणूनच नाना ट्रेनने जाऊन सायकलने फिरू शकले.

गियर_बदला

जुन्या रेल्वेवाटांचा विषय निघालाच आहे तर बोर्दोचीच अजून एक, रोजे लापेबी वाट. बोर्दोपासून क्रेओंवरून सोव्हतेर गावापर्यंत, ५० किमीच्या वरच, पूर्ण मोटारमुक्त, वाटेत एक बोगदाही लागतो. या भागाचं नावच 'दोन समुद्रांच्या मधलं', कारण दोन्ही बाजूंच्या नद्यांना भरती येते म्हणून जुन्या लोकांनी त्यांनाच समुद्र म्हटलं.

आणि लापेबी कोण, तर १९३७ च्या तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा विजेता. त्या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या स्पर्धकांना डिरेलर गियर (चालवता चालवता साखळी दुसऱ्या चकतीवर सरकवणारे) वापरायची परवानगी मिळाली. त्याआधी चढ आला की उतरायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं, दुसऱ्या बाजूच्या चकतीवर साखळी घालायची आणि परत बसायचं. आज नानांच्या भाड्याच्या सायकलला जे गियर होते त्याची सुरुवात तिथली समजा. तूरचं आणि या बागांचं नातं पुढेही आहेच, २०१० ला शेवटून दुसऱ्या दिवशी बोर्दो ते पोयाक ५२ किमीची एकट्याची घड्याळी शर्यत होती, कान्सेलारा जिंकला होता. मी तेव्हा पुण्यात रात्री जागून पाहिली होती, बागाच बागा आणि मधे एक माणूस. सायकलचं वेड मला तिथून लागलं.

मनवा_पुणे

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय, छान माहिती मिळतेय. दोन प्रश्न: १) खाडी सायकलवरून सतत दिसते का? नावावरून तसं वाटतं. २) १० वर्षांच्या मुलीला घेऊन जमेल का?

कादवाकाठ

@मनवा_पुणे, प्रामाणिक उत्तर: रेल्वेवाटेवरून खाडी दिसत नाही, ती वाट थोडी आतून जाते, बागा आणि झाडांमधून. खाडी बघायची असेल तर ब्लायच्या किल्ल्यावर चढा, संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी तांबूस होतं. किंवा ब्लायहून दक्षिणेकडे बूर्गच्या दिशेने जा, तिथे एका बाजूला चुनखडीचा कडा, कड्याला टेकलेली घरं, काहींच्या मागच्या खोल्या तर कडा कोरूनच काढलेल्या, आणि दुसऱ्या बाजूला लगेच पाणी. अरुंद रस्ता आहे, मोटारी असतात पण हळू असतात. मुलीला रेल्वेवाट शंभर टक्के जमेल. पाणी भरून घ्या, मधे दुकानं नाहीत. आणि जाड टायर बरे, छाटणीच्या दिवसांत काड्या-तारांचे तुकडे वाटेवर येतात, मागच्या जानेवारीत माझं एका दिवसात दोनदा पंक्चर झालं.

नदीजवळ असण्याचा आणखी एक मुद्दा नानांसाठी लिहून ठेवते, मेदोकमधे जुनी म्हण आहे की ज्या वेलीला नदी दिसते ती चांगली. २०१७ च्या एप्रिलमधे इथे कडाक्याचं दहिवर पडलं, आतल्या बागा जळाल्या, खाडीच्या काठच्या पुष्कळशा वाचल्या. पाणी ऊब धरून ठेवतं. नाना म्हणाले, आमची विहिरीजवळची ओळ पण वाचते.

एक गोष्ट पहिल्या दिवशीची, मुद्दाम लिहिली नव्हती, पण आता लिहावी वाटतेय. एतोलिएहून परत येताना एका जागी अख्खा प्लॉट उपटलेला होता. खोडं मुळांसकट उपसून ढीग रचलेले, मनगटाएवढी जाड खोडं, तीस-चाळीस वर्षांची असतील. तारा गुंडाळून बाजूला ठेवलेल्या. नानांना वाटलं नवीन लागवड करणार. मी सांगितलं की नाही, इथल्या साध्या वाइनला आता गिऱ्हाईक राहिलं नाही, २०२३ ला बागा काढायला हेक्टरी ६,००० युरो मदतीची योजना आली, आणि हजारो हेक्टर निघाल्यात. मार्गोच्या हवेल्या आणि हा ढीग, मधे फक्त खाडी.

नाना ढिगाजवळ गेले. एक खोड हातात घेतलं, कलमाची गाठ कुठे आहे ते बघितलं, जागेवर ठेवलं. गारपिटीनंतर आम्ही आमची खालची दीड एकर काढली होती, मी दहावीत होते. तेव्हा ते दिवसभर तिथे थांबले होते आणि संध्याकाळी घरी येऊन जेवले नव्हते. तो दिवस आम्हा दोघांनाही आठवला असणार, बोललो मात्र नाही. पुढचे चार किमी आम्ही शेजारी शेजारी सायकल चालवली. मोटारी नव्हत्या म्हणून शेजारी शेजारी चालवता आली.

मोरचूद_चुना

ताई. काय बोलू. आमची पण काढलीये, दोन वर्षांपूर्वी. नानांना नमस्कार सांगा.

वशिष्ठी

🙏

पऱ्हाटी

शेजारी शेजारी चालवता आली, हे वाक्य मनात राहील. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

पेडलपुराण

नाना परत गेले का? आता तिकडे छाटणीचे दिवस ना?

कादवाकाठ

हो, गोडी छाटणीच्या आधी पोचायचं म्हणून तिकीटच तसं काढलं होतं. काल फोन आला, वरची बाग छाटून झाली, आज सकाळी ओलांड्यांवर (वेलीच्या आडव्या फांद्यांवर) एक टक्का बोर्डो मारलं. पिंपात काठी फिरवताना गडीमाणसांना साँ-जुलियाँच्या रस्त्याची गोष्ट सांगितली म्हणे. एकाने विचारलं, तिथली लोकं आपल्यासारखंच विळा बुडवून बघतात का? ते मला माहीत नाही, ब्लायला एक बागवाले काका ओळखीचे झालेत, पुढच्या रविवारी तिकडे जाणारच आहे, त्यांना विचारून इथे लिहिते.

आणि @मनवा_पुणे, लामार्कच्या फेरीच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात. तुम्ही कधी येताय ते कळवा, तेव्हाचं वेळापत्रक बघून सांगते. शेवटची बोट चुकली तर पलीकडे मुक्काम करावा लागतो.